निकाल उद्या सकाळी सातला

अंबडला बदली झाल्यावर ज्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहिले, त्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला एक अट घातली. पाण्याची नाही, विजेची नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांचीही नाही. "मॅडम, चहा खुशाल करा, खुशाल प्या. पण मला आग्रह करू नका. न्हाई म्हणू म्हणू जीव कट्टाळलाय."

आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मला वाटलं, यांना साखरेचा आजार असेल. मग वाटलं, पित्त असेल. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरातूनच माझी शंका मिटवली. "त्याह्यला काही बीमारी न्हाई. ते मॉर्मन हायेत." 'ते तलाठी आहेत' म्हणावं इतक्या साधेपणाने त्या हे बोलल्या. मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. समजल्यासारखी मान डोलावली आणि वर जाऊन फोनवर शोधलं.

तर मॉर्मन हा ख्रिस्ती लोकांतला, अमेरिकेत निघालेला एक पंथ. दोनेकशे वर्षांपूर्वी तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने सांगितलं की, देवदूताने मला टेकडीत पुरलेली सोन्याची पानं दाखवली. त्यावर अमेरिकेतल्या फार जुन्या लोकांचा इतिहास कोरलेला होता. त्याने तो उतरवून काढला, त्याचा ग्रंथ झाला, आणि पानं देवदूत परत घेऊन गेला. या पंथाचे लोक दारू, तंबाखू तर सोडाच, चहा-कॉफीलाही शिवत नाहीत. एवढं वाचल्यावर मी खिडकीतून खाली पाहिलं. काका अंगणात पांढरा शर्ट इस्त्री करत होते. अख्ख्या जालना जिल्ह्यात असा हा एकच माणूस असावा आणि तो नेमका माझा घरमालक निघावा, याचा मला फार आनंद झाला. मला चौकशा करायची खोड आहे. शाळेत मुलांना प्रश्न विचारून माझं पोट भरत नाही.

काकांची सगळी नोकरी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत गेली होती. उसाच्या रसाचा नमुना आला की वहीत नोंद करायची, कोणी आणला ते लिहायचं, तपासायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला निकाल द्यायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी पाळी काही सुटली नव्हती. फरक एवढाच, की आता नमुन्यांच्या जागी प्रश्न येत होते.

संध्याकाळी पाचला ते चौकातल्या हॉटेलात जाऊन बसत. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि एक तापट मालक. काका तिथे रोज एक ग्लास गरम पाणी पीत आणि बसलेल्यांना स्वतःहून चहा पाजत. काखेत जाड लाल पुठ्ठ्याची वही. आत रकाने आखलेले: क्रमांक, तारीख, आणणारा, नमुना, निकाल, उतारा.

हॉटेलवाला त्यांचा पहिला आणि सर्वांत चिवट गिऱ्हाईक. त्याने विचारलेला सोन्याच्या पानांचा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. "काका, म्हणजे असं झालं बघा, की सातबारा देवदूत घेऊन गेला आन् तुम्ही नकल दाखवून राह्यले. आसली नकल तहसीलमधी चालन का?"

बाकड्यावरचे सगळे हसले. काकाही हसले, वही उघडली, प्रश्न जसाच्या तसा, 'चालन का' सकट लिहिला आणि म्हणाले, "निकाल उद्या सकाळी सातला."

"आत्ता सांगा की!"

"आत्ता सांगितलं तर मी जिकायला बोलंन. रात जाऊ द्या मधी."

दुसऱ्या दिवशी सातला ते हॉटेलच्या दारात हजर. उभ्यानेच वाचून दाखवलं. "पानं न्हाईत, हे बराबर. पण अकरा माणसांनी लिहून दिलं होतं, आम्ही पाह्यली म्हणून. त्यातल्या काहींचं मागून त्या पहिल्या माणसाशी भांडण झालं, ते पंथ सोडून गेले. पण साक्ष फिरवली न्हाई. आपल्याकडं भावाभावात बिनसलं की पहिली साक्षच फिरती. म्हणून मी ह्या उत्तराला उतारा नऊ देतो."

हा उतारा म्हणजे काय, ते मला काकूंनी समजावलं. शंभर किलो ऊस गाळल्यावर जितके किलो साखर पडते, तो उसाचा उतारा. नऊ म्हणजे बरा, दहा-साडेदहा म्हणजे चांगला, आठच्या खाली गाळणं परवडत नाही. काका आपल्या प्रत्येक उत्तराला असा उतारा देत. स्वतःच्याच उत्तराला, आणि फार कडक. त्या वहीत अकराच्या पुढे काही नव्हतं. मी एकदा विचारलं, "काका, बारा कोणालाच नाही?" तर म्हणाले, "बारा कोल्हापूरकडं पडतो, मॅडम. आपल्या मातीत मी उभ्या नोकरीत न्हाई पाह्यला."

माझा पहिला प्रश्न घोड्यांचा होता. मी वाचलं होतं, की त्या ग्रंथात जुन्या अमेरिकेतल्या लोकांकडे घोडे आहेत आणि इतिहासकार तर म्हणतात, त्या काळी तिथे घोडा नव्हताच. मोठ्या उत्साहाने मी हा बॉम्ब टाकला. सकाळी सातला दारावर टकटक. मी ब्रश तोंडात धरून दार उघडलं. काका वही घेऊन जिन्यात उभे.

"मॅडम, विलायती चिंच खाल्ली का कधी?"

"खाल्लीय."

"ती चिंच हाय का?"

"नाही."

"तरी आपण चिंच म्हणतो. माणूस नव्या मुलखात गेला की नव्या जनावराला जुन्या जनावराचं नाव देतो. त्यांनी दुसऱ्याच कशाला घोडा म्हणलं आसंल." मी तोंडातला फेस सांभाळत 'वा' म्हणणार, तेवढ्यात त्यांनी वही मिटली. "पण खरं सांगू का, मला सोताला हे पटून न्हाई राह्यलं. उतारा साडेसात. गाळू नका."

अशा माणसाशी वाद घालायचा कसा? मी त्यांना कोंडीत पकडायला जायचे आणि ते माझ्या आधीच कोंडीत जाऊन बसलेले असायचे.

पुढच्या खोलीत दोन भिंती होत्या. एका भिंतीवर काकूंची बुद्धमूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर. समोरच्या भिंतीवर काकांच्या पंथाच्या, परदेशातल्या कुठल्यातरी उंच मनोऱ्यांच्या मंदिराचं चित्र. मधे टीव्ही. दोघंही बौद्ध घरांतली. काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, गावभर त्यांना सिस्टर म्हणत. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. नवऱ्याने साठीच्या आसपास धर्म बदलला तेव्हा आठ दिवस त्यांनी अबोला धरला आणि नवव्या दिवशी विचारलं, "जेवणात काही चालत न्हाई आसं हाय का? चहाचं समजलं." त्यांचा चहा मात्र त्यांनी सोडला नाही. सकाळी दोन कप, काकांच्या समोर बसून, चांगला फुर्र आवाज करत.

काका त्या पंथात गेले कसे, ती हकीकत मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा ती सारखीच निघाली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते दोन महिने हैदराबादला मेहुण्याकडे राहिले होते. तिथे बसस्टॉपवर पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी लावलेली दोन अमेरिकन पोरं भेटली. एकोणीस-वीस वर्षांची, सायकलवर. त्यांनी ग्रंथाविषयी सांगितलं. काकांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे समदं खोटं निघालं तर?"

"ते पोरगं थांबलं, मॅडम. म्हणलं, इचार करून उद्या सांगतो. मला वाटलं, सुटला. तर दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात सायकल हाणत आलं! म्हणलं, खोटं निघालं तर माझी दोन वर्षं फुकट गेली, आन् तरी मला वाईट वाटणार न्हाई, कारण ह्या दोन वर्षांत मी कोणाशी खोटं बोललो न्हाई." मग काका नेहमी म्हणत, "आपल्याकडं माणूस उत्तर खिशात घालून हिंडतो. उद्या सांगतो म्हणून खरंच उद्या आलेला मी पह्यला माणूस पाह्यला."

"सायकलवर भाळले," काकू आतून म्हणत.

काकूंचे प्रश्नही वहीत होते. 'आणणारा' या रकान्यात काका त्यांचं नाव लिहीत नसत. तिथे 'घरून' असं लिहीत. आणि वहीतले सर्वांत अवघड नमुने घरूनच आलेले होते. पंथाच्या सुरुवातीच्या काळात पुढाऱ्यांनी अनेक बायका केल्या, त्याचं काय? निकाल: चुकलं. मला पटत नाही. मागून बंद केलं हे बरं केलं. उतारा सहा. त्याच्याखाली बारीक अक्षरात काकांनी काकूंचा शेराही नोंदवला होता: 'ह्यांना एकीलाच उत्तर देता येईना.'

दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. या पंथात फार वर्षं काळ्या माणसांना पुरोहितपद नव्हतं. काकूंना हे मीच वाचून दाखवलं होतं, आणि वाचल्यावर मला वाटलं, उगाच वाचलं. त्या हातातलं काम ठेवून काकांकडे वळल्या. "जिथं कातडी बघून दार लावलं होतं, तिथं तुम्ही आपल्या पायानं चालत गेले? तुमचा बाप कोणत्या दारातून भाईर निघाला, ते इसरले?"

काका त्या संध्याकाळी हॉटेलात गेले नाहीत. सकाळी सातला त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून वाचलं. "दार उघडलं. उशिरा उघडलं. आधी जी कारणं सांगितली ती चुकीची होती, हेबी त्यांनीच मागून कबूल केलं. उशीर कामून लागला, ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई." आणि उताऱ्याच्या रकान्यात त्यांनी रेघ मारली.  काकूंनी दुसऱ्या कपासाठी चहाचं आधण ठेवलं. मी जिन्यात उभी होते. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघंही फार आवडली होती.

हा निकाल लागल्यावर मी विचारलं, "काका, मग सोडून का देत नाही?"

"मॅडम, एखाद्या नमुन्यात माती निघाली म्हणून मी शेतकऱ्याचा ऊस फेकून देत न्हवतो. माती लिहीत होतो."

आता मुख्य गोष्ट. या पंथात एक रीत आहे. मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा करता येतो. त्याचं नाव पाठवायचं, आणि दूर कुठल्यातरी मंदिरात एक जिवंत माणूस त्याच्या जागी पाण्यात बुडी घेतो. नवराबायकोची गाठही तशीच, दोघांच्या जागी दुसरी दोघं उभी राहून, कायमची बांधता येते. काकांची श्रद्धा अशी, की अशी गाठ बांधली तर मरणानंतरही दोघं एकत्र राहतात. नाही बांधली, तर नाही.

हॉटेलवाल्याने यावर पहिल्यांदाच काकांची बाजू घेतली. "त्यात काय? आम्हीबी पितरं जेवू घालतो. त्यांला कुठं इचारतो, जेवता का म्हणून?" काका इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लिहून टाकलं. उतारा साडेदहा. मी घरी येऊन काकूंना सांगितलं.

काकूंना तेव्हा किडनीचं दुखणं लागलं होतं. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. दुपारची वेळ, त्या खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, काका खाली चटईवर.

"पितराला घास ठेवनं येगळं," त्या म्हणाल्या. "घासासंगं धर्म न्हाई ठेवत कोणी."

काका म्हणाले, "सक्ती न्हाई त्यात. पत्रिका दिल्यासारखं हाय. तिकडं गेलेला माणूस हो म्हणू शकतो, न्हाई म्हणू शकतो."

"मंग लिहा." काकूंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मी दोन वर्साची आसताना माझ्या बापानं मला खांद्यावर घेऊन नागपूर गाठलं होतं. मरेस्तोवर सांगायचा, आपल्या पायानं गेलो, आपल्या तोंडानं बोललो, माझ्या बदली दुसरं कोणी बोललं न्हाई. आता माझ्या बदली कोणती बाई पाण्यात उतरणार? तुम्ही मला दहा वर्सं इचारलं. मी दहा वर्सं न्हाई म्हणले. मेल्यावरबी परत इचारणार? एका बाईनं न्हाई किती येळा म्हणायचं?"

काकांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग ते सवयीने म्हणाले, "निकाल उद्या सकाळी सातला."

दुसऱ्या दिवशी सात वाजले, मी जिन्यात येऊन उभी राहिले. काका आले नाहीत. त्या नमुन्याचा निकाल त्या आठवड्यात लागला नाही, त्या महिन्यातही नाही. काकूंनी एकदाही आठवण करून दिली नाही. चारेक महिन्यांनी त्या गेल्या. त्यांना त्यांच्या पद्धतीने, त्रिशरण म्हणत निरोप दिला गेला. काका पांढरा शर्ट घालून सगळ्यांत पुढे होते आणि सगळ्यांबरोबर म्हणत होते.

नंतर माझी बदली जालन्याला झाली. या पंथात माणूस गेल्यावर वर्षभर थांबून मग नाव पाठवता येतं, हे मला माहीत होतं. वर्ष उलटल्यावर एका रविवारी मी मुद्दाम अंबडला गेले. खरं सांगते, काकांना भेटायला गेले तशीच त्यांनी काय केलं ते बघायलाही गेले. मला काकूंच्या 'नाही'ची काळजी होती.

काका टाय लावून फोनसमोर बसले होते. हैदराबादची रविवारची सभा ते अशीच ऐकत. सभा संपली. भिंतीवरची बुद्धमूर्ती पुसलेली होती, टीव्ही जागच्या जागी होता. त्यांनी माझ्यासाठी चहा केला. भयंकर गोड झाला होता. चाखून बघता येत नाही ना.

"तिकडचे लोक आठोण करून राह्यलेत," ते म्हणाले. "चांगले लोक हायेत. म्हणतात, भाऊ, सिस्टरचं नाव पाठवा, तिचं सगळ्यांत जवळचं माणूस तुम्हीच, तुम्ही हो म्हणलं की झालं. मी फोनवर फारम भरायला बसलो. नाव, बापाचं नाव, गाव. जन्मतारीख आली तिथं अडलो. शाळेच्या दाखल्यावर एक जून. ती मास्तरनं ठोकलेली. खरी तिला सोतालाबी ठाऊक न्हवती. तरी भरली. शेवटी एक बटन राह्यलं दाबायचं."

"दाबलं?"

काकांनी वही पुढे केली. पान आधीच काढून ठेवलेलं होतं. आणणारा: घरून. नमुना: एका बाईने नाही किती वेळा म्हणायचं? आणि निकालाच्या रकान्यात, ताज्या शाईत: एकदा.

"साधा हिशोब हाय, मॅडम. नमुना आलाय, तपासलाय, न्हाई निघालाय. निकाल आवडला न्हाई म्हणून तोच नमुना परत परत लावणाऱ्याला आम्ही प्रयोगशाळेत उभं करत न्हवतो." त्यांनी टाय सैल केला. "फारम पुसून टाकला मी."

मला रडू आलं. मग, चौकशीची खोड वाईट, मी विचारू नये ते विचारलं. "काका, तुमच्या श्रद्धेप्रमाणे मग तुम्ही दोघं पुढे भेटणार नाही. तुम्हाला भीती नाही वाटत?"

 मला वाटलं, आता उठून आत जातील. पण त्यांनी पेनचं टोपण काढलं, नवीन ओळीवर क्रमांक टाकला, तारीख टाकली, 'आणणारा'मध्ये 'मॅडम' लिहिलं आणि माझा प्रश्न एकही शब्द न बदलता उतरवून घेतला. "निकाल उद्या सकाळी सातला," म्हणाले आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत हॉटेलवाल्याने हाक मारली, त्यांनी हात केला.

काका जाऊन आता दीड वर्ष झालं. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने ती वही मलाच दिली, कारण तिकडे वहीचे रकाने कोणाला कळणार? घोड्याचं उत्तर मी अजून कोणाला सांगत नाही, साडेसातचं आहे. पण माझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचा निकाल मला वहीत वाचावा लागला नाही.

त्या रविवारच्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्यात शाळेची तयारी करत होते. गॅसवर चहा होता. सातला एक मिनिटही इकडेतिकडे नाही, फोन वाजला.

"मॅडम, निकाल घ्या."

"बोला काका."



"वाटती," काका म्हणाले. "लई वाटती."

 चहा उतू जायला लागला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "उतारा किती देता, काका?"

"बारा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.